परवाना कुणाच्या नावाचा?

कुर्ला-साकीनाक्याच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये ‘ट्रेड टेस्ट’ चालते. पाइप पंचेचाळीस अंशांत तिरका बसवलेला असतो. तो फिरवायचा नाही. वेल्डरनेच त्याच्याभोवती वाकायचं, गुडघ्यावर यायचं, मान वळवायची आणि सांधा एकसंध पूर्ण करायचा. याला सगळे ‘सिक्स-जी’ म्हणतात. पलीकडे शटरिंग कारपेंटरच्या पुढ्यात फळ्या आणि नकाशा, स्टील फिक्सरच्या पुढ्यात सळ्या आणि तार. समोर खुर्चीवर परदेशी कंपनीचा माणूस बसलेला असतो, त्याला इथे ‘क्लायंट’ म्हणतात. त्याच्या यादीत नावापुढे खूण झाली की तरुण बाहेर येऊन गावी फोन लावतो, ‘सिलेक्शन झालं.’ तिकडून पहिला प्रश्न येतो, ‘मग व्हिसा कधी निघेल?’

या प्रश्नाचं उत्तर त्या तरुणाकडे नसतं, आणि का नसतं ते समजून घेण्यासाठी मी रायगड-रत्नागिरीत आणि मुंबईतल्या एजंटांच्या कचेऱ्यांत फिरलो. सौदी अरेबिया, अमिराती, कतार, कुवेत, ओमान आणि बहरीन या सहा देशांत मिळून सुमारे ९० लाख भारतीय राहतात. त्यांतल्या बहुतेकांनी आपल्या कामाच्या परवान्यासाठी कधी अर्ज केलेला नाही. अर्ज मालक करतो. तो आपल्या देशाच्या कामगार खात्याकडे जातो आणि मागणी नोंदवतो: अमुक इतके गवंडी, अमुक इतके वेल्डर, पुरुष, भारतीय. मंजुरी त्याला मिळते. सौदीत तर त्या मंजूर व्हिशांची मुखत्यारी, ‘वकाला’, मुंबईतल्या एजंटच्या नावे पाठवली जाते, आणि मग त्या रिकाम्या जागांत माणसांची नावं भरली जातात. परवान्यावर कामगाराचं नाव, फोटो, बोटांचे ठसे असतात, पण तो मागणारा, बदलणारा आणि रद्द करणारा मालक असतो. तिकडे त्याला कफील म्हणतात. परदेशी नोकरीच्या सगळ्या अडचणींचं मूळ मला याच ठिकाणी दिसलं: ज्याचं आयुष्य त्या कागदावर उभं आहे, त्याचा तो कागद नाही.

कोकणाला परदेश नवा नाही. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, दापोली, खेड, चिपळूण या पट्ट्यातले लोक तीन-चार पिढ्यांपासून समुद्रापार जातात. आगबोटींवर खलाशी म्हणून गेले, पूर्व आफ्रिकेत गेले, दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनला कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात बांधकामं निघाली आणि गावंच्या गावं तिकडे वळली. म्हसळ्याच्या बाजूचे एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना गावात सगळे मामू म्हणतात, त्या काळात गेले. ‘आमच्या वेळी भाऊ व्हिसा पाठवायचा, आपण पोचायचं,’ ते म्हणाले. ‘कफील कोण, तेसुद्धा आम्हाला विमानतळावर कळायचं. माणूस चांगला निघाला तर नशीब.’ नात्यातल्या माणसाने व्हिसा पाठवायचा ही पद्धत कोकणात अजून आहे. मुंबईच्या एजंटपेक्षा मावसभावावर विश्वास जास्त, आणि ते चूक म्हणता येत नाही. पण मावसभावाच्या मागेही कुणीतरी तो व्हिसा विकलेला असतो, हे आता गावात सगळ्यांना माहीत आहे.

विकलेला हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. परवान्याची सरकारी फी मालकाने भरायची, असा अमिरातींचा कायदा आहे. २०२१ चा तिथला कामगार कायदा, जो फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला, भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला मनाई करतो. भारतातही नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये घेता येतात, तेही पावती देऊन. गावात मात्र मला लाख-सव्वा लाखाच्या खाली कुणी आकडा सांगितला नाही. वरची रक्कम कुणाकडे जाते, हे विचारल्यावर बोटं वर वर जातात: गावचा माणूस, तालुक्याचा माणूस, मुंबईची कचेरी, तिकडच्या कंपनीत सरकारी कामं बघणारा पीआरओ. प्रत्येक जण मधला. कर्ज मात्र एकट्याच्या डोक्यावर. दागिने गहाण, पतपेढीचं कर्ज, कधी आंब्याची बाग कराराने दिलेली. पहिल्या वर्षाचा पगार हे कर्ज फेडण्यातच जातो, आणि म्हणून तिकडे पगार थकला, काम वेगळं निघालं, तरी माणूस परत येऊ शकत नाही. त्याला कुणी कोंडलेलं नसतं, कर्जाने बांधलेलं असतं.

इथे आपल्या कायद्याकडे वळावं लागतं. परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. त्याआधी १९२२ चा होता. या कायद्याखाली परराष्ट्र खात्यात प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्स हा अधिकारी असतो आणि त्याच्या हाताखाली ठिकठिकाणी प्रोटेक्टर. महाराष्ट्राचा प्रोटेक्टर मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात बसतो. नोंदणीकृत एजंटला लाखो रुपयांची बँक हमी ठेवावी लागते. परदेशी मालकाने ‘ई-मायग्रेट’ या सरकारी प्रणालीवर नोंद करायची, नोकरीचा करार चढवायचा, पगार भारताने त्या देशासाठी ठरवलेल्या किमान रकमेपेक्षा कमी नसावा, कामगाराचा प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा काढलेला असावा. हा विमा दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपयांत मिळतो, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख रुपये. हे सगळं पाहून प्रोटेक्टर मंजुरी देतो आणि मग विमानतळावर इमिग्रेशनचा अधिकारी माणसाला सोडतो.

व्यवस्था चांगली आहे. मी तिची निंदा करणार नाही. ज्यांच्या घरी शवपेटी आली त्यांना त्या पावणेतीनशे रुपयांच्या विम्याचं मोल कळतं. जून २०२४ मध्ये कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि चाळीसहून अधिक भारतीय गेले, तेव्हा देशभर ते कळलं.

पण या संरक्षणाची हद्द विचित्र जागी आखली आहे. ती दहावीच्या निकालावर आहे. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा येतो, आणि त्याला आखात, मलेशिया, इराक, जॉर्डन वगैरे १८ देशांत नोकरीला जाताना प्रोटेक्टरची मंजुरी लागते. दहावी झालेल्याला लागत नाही. एके काळी याला काही अर्थ होता, कारण दहावी झालेला माणूस करार वाचू शकेल असं धरता येत होतं. आज कोकणात दहावी न झालेला विशीतला मुलगा शोधावा लागतो. आयटीआय केलेला फिटर, एसीचं काम शिकलेला मुलगा, हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा घेतलेली मुलगी, सगळे या कुंपणाच्या बाहेर. त्यांचा करार भारतात कुठेच तपासला जात नाही, त्यांचा विमा सक्तीचा नाही, ते कुठल्या कंपनीत गेले याची सरकारदरबारी नोंद नाही. इंग्रजी आणि अरबीत छापलेला करार दहावीच्या मराठीवर वाचता येतो, असं आपला कायदा मानतो.

सरकारला हे दिसलं नाही असं नाही. २०१८ मध्ये परराष्ट्र खात्याने जाहीर केलं होतं, की दहावी झालेल्यांनीही या १८ देशांत नोकरीला जाण्याआधी ऑनलाइन नोंद करावी, नाहीतर विमानात बसू देणार नाही. १ जानेवारी २०१९ पासून ते लागू व्हायचं होतं. आखातातल्या भारतीयांनी गोंधळ होईल म्हणून ओरड केली आणि नोव्हेंबर २०१८ मध्येच ते स्थगित झालं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला ईसीआर पासपोर्टला नारिंगी मुखपृष्ठ देण्याचा विचार झाला होता. गरिबांना वेगळ्या रंगाने ओळखायचं का, असा सवाल उठला आणि तोही महिनाभरात मागे घेतला गेला. रंग मागे घेतला ते योग्यच झालं. नोंदणी मात्र मागे घ्यायला नको होती, सोपी करायला हवी होती. सक्ती आणि दंडाच्या भाषेत आलेली चांगली गोष्ट लोकांनी नाकारली, आणि तिच्याबरोबर संरक्षणही गेलं.

पगाराच्या किमान रकमेचंही असंच. सप्टेंबर २०२० मध्ये, करोनाच्या काळात, नोकऱ्या जाऊ नयेत म्हणून भारतानेच काही आखाती देशांसाठी ही रक्कम महिना २०० डॉलरपर्यंत खाली आणली. कामगार संघटना कोर्टात गेल्या, तेलंगणच्या उच्च न्यायालयात याचिका झाली, आणि पुढल्या वर्षी जुने दर परत आले. त्या मधल्या काळात करार झालेल्या माणसांना मात्र त्याच पगारावर पूर्ण मुदत काढावी लागली असणार, कारण करार एकदा परवान्याला जोडला की तिकडे तोच खरा.

गावचा एजंट हा या साखळीतला सगळ्यात जवळचा आणि कायद्याला सगळ्यात अदृश्य माणूस. १९८३ च्या कायद्यात सब-एजंट नावाचा कुणी नाही. नोंदणी एजंटची, परवाना एजंटचा. तालुक्यात पासपोर्ट गोळा करणारा, मेडिकलला घेऊन जाणारा, पैसे रोखीत घेणारा माणूस कागदावर अस्तित्वातच नाही. तो वाईटच असतो असंही नाही. खेडजवळ भेटलेले एक भाई स्वतः पंधराएक वर्षं सौदीतल्या जुबैलला काढून आलेले. ते मुलांना कंपनीची नावं सांगतात, कुठली कंपनी वेळेवर पगार देते, कुठली कॅम्पमध्ये दहा माणसं एका खोलीत कोंबते, हे त्यांना ठाऊक असतं. पण मुलगा फसला तर दाद कुणाकडे मागायची? भाईंनी पैसे घेतल्याचा कागद नाही. आणि तक्रार झालीच, तर नोंदणीशिवाय भरती करण्याच्या गुन्ह्याला कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि २,००० रुपयांपर्यंत दंड आहे. दोन हजार. एका व्हिशामागे लाखाचा व्यवहार होतो तिथे.

मुंबईत कागदांची फेरी सुरू होते, ती लांब असते, पण तिच्यात सांगण्यासारखं एकच. पदवी-डिप्लोमा असेल तर प्रमाणपत्रावर राज्य सरकारचा, मग परराष्ट्र खात्याचा, काही देशांसाठी वकिलातीचाही शिक्का, पोलिसांचा दाखला, बोटांचे ठसे. या सगळ्यांत उशीर होतो, माणूस बाद होत नाही. बाद होतो तो मेडिकलमध्ये. आखाती देशांनी मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांतच तपासणी होते, आणि कुठल्या केंद्रात जायचं हे आता ऑनलाइन स्लिप ठरवते. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, छातीचा एक्स-रे. छातीवर जुन्या टीबीचा व्रण दिसला, टीबी कधीचाच बरा झालेला असला, तरी ‘अनफिट’. खेडमध्ये एका आईने मला मुलाचा तो कागद दाखवला. लहानपणी औषधांचा पूर्ण कोर्स झाला होता, पुढे मुलगा गावच्या क्रिकेट टीममध्ये खेळला, विटांच्या गाड्या भरल्या. एजंटला दिलेल्या पैशांतले थोडेच परत आले. ‘डॉक्टर म्हणतात बरा आहे, तिकडचे म्हणतात आजारी आहे. आम्ही कुणाचं ऐकायचं?’ तिच्या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकलो नाही. पण एक गोष्ट इथेच करता येते, आणि जिल्ह्यातले डॉक्टर ती सांगू शकतात: पैसे देण्याआधी आणि नोकरी सोडण्याआधी छातीचा एक्स-रे सरकारी रुग्णालयात काढून पाहावा. चार पैशांत होतो आणि लाखाची उडी टळते.

आझाद व्हिशाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण कोकणातली सगळ्यात जास्त घरं त्यात अडकली. व्हिसा एका कफीलाच्या नावाचा घ्यायचा, पण काम त्याच्याकडे करायचं नाही. बाहेर मोकळं काम शोधायचं आणि कफीलाला दरवर्षी ठरलेली रक्कम द्यायची. हा प्रकार तिकडच्या कायद्याने कधीच मान्य केलेला नव्हता, तरी कित्येक वर्षं चालला. चांगला इलेक्ट्रिशियन, चांगला टेलर कंपनीच्या पगारापेक्षा जास्त कमवत असे, म्हणून आझाद व्हिसा महाग विकला जायचा आणि गावात त्याची प्रतिष्ठा होती. सौदीने २०११ मध्ये निताकत आणून कंपन्यांत सौदी माणसांचं प्रमाण ठरवून दिलं. मग २०१८ पासून परदेशी कामगारामागे महिन्याला लेव्ही लावली. ज्या कंपनीत परदेशी जास्त, तिला ती २०२० पर्यंत महिना ८०० रियालवर गेली. वर्षाला ९,६०० रियाल. कायद्याने हे मालकाने भरायचं, पण आझाद व्हिशावर मालक नावापुरता, म्हणून भरणारा कामगार. शिवाय जुलै २०१७ पासून बायकामुलांवरही दरडोई फी आली, आधी महिना १०० रियाल, मग दरवर्षी वाढत ४००. जेद्दा-दम्माममध्ये वाढलेली मुलं आईबरोबर गावी परत आली आणि इथल्या शाळांत बसली.

लेव्ही चुकवायला अनेकांनी घरड्रायव्हरचा किंवा घरकामगाराचा व्हिसा घेतला, कारण घरकामाच्या नोकऱ्यांना ती लागत नव्हती. आता अवस्था अशी, की माणूस प्रत्यक्षात एसी दुरुस्त करतो आणि इकाम्यावर, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्यावर, ड्रायव्हर आहे. शिडीवरून पडला तर कामावरचा अपघात म्हणून भरपाई मागणार कुठे? तो त्या कामावर कागदोपत्री नव्हताच. आणि कफीलाशी बिनसलं, त्याने ‘हुरूब’ लावला, म्हणजे कामगार पळाला अशी नोंद केली, की त्या माणसाला बेकायदा ठरायला काही मिनिटं पुरतात. मामूंच्या पुतण्याचं असंच झालं. तो घरी पोचला तेव्हा अंगावरचे कपडे आणि एक पिशवी एवढंच होतं. ‘बारा वर्षं त्याने पैसे पाठवले, या गावातले दोन माळे त्याच्या पैशाने उभे राहिले,’ मामू म्हणाले, ‘आणि तिकडे त्याचं नाव चोराच्या यादीत.’

बायकांसाठी दरवाजा भारतानेच आणखी अरुंद केला आहे, आणि त्याचा परिणाम उलटा झाला आहे. ईसीआर पासपोर्ट असलेल्या तीस वर्षांखालच्या बाईला त्या १८ देशांत नोकरीसाठी मंजुरी मिळत नाही. तिशीनंतरही भरती सरकारी संस्थांमार्फतच. हेतू संरक्षणाचा. पण गरज थांबत नाही, म्हणून एजंट बाईला व्हिजिट व्हिशावर दुबईला नेतात आणि तिथून पुढे मस्कतला किंवा कुवेतला. व्हिजिट व्हिशाला प्रोटेक्टरची मंजुरी लागत नाही, विमा नाही, करार नाही. ज्या बाईला सगळ्यात जास्त आधाराची गरज, तीच कुठल्याही नोंदीशिवाय विमानात बसते. पुरुषही आता मोठ्या संख्येने व्हिजिटवर जातात, ‘तिकडे गेल्यावर व्हिसा बदलून देतो’ या शब्दावर. अमिरातींनी ऑगस्ट २०२४ मध्ये परवान्याशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाचा दंड एक लाख ते दहा लाख दिरहॅम केला. दंड मालकाला आहे, पण पकडला गेल्यावर परत पाठवला जातो तो कामगार.

तिकडे काहीच बदललेलं नाही असंही म्हणता येणार नाही. कतारने वर्ल्ड कपच्या निमित्ताने जगाचे डोळे वळल्यावर देश सोडायला मालकाची परवानगी लागण्याची अट २०१८ पासून टप्प्याटप्प्याने काढली, २०२० मध्ये नोकरी बदलायला मालकाचं ना-हरकत पत्र लागणं बंद केलं, आणि मार्च २०२१ पासून सगळ्यांना किमान १,००० रियाल पगार ठरवला. कतारच्या व्हिसा केंद्रांत, मुंबईतल्याही, कामगार इथेच तपासणी करून घेतो आणि निघण्याआधी करारावर सही करतो. करार त्याला त्याच्या समजणाऱ्या भाषेत दाखवला जातो. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पूर्वीची मोठी फसवणूक हीच होती, की मुंबईत एक पगार आणि दोहाला उतरल्यावर दुसरा करार पुढे येई.

बहरीनने तर २०१७ मध्ये वेगळंच करून पाहिलं. ‘फ्लेक्सी परमिट’. अनियमित झालेल्या कामगाराला स्वतःच्या नावावर परवाना, स्वतःच फी भरायची, कुणाकडेही काम करायचं, कफील नाही. फी जड होती आणि सगळ्यांना मिळत नव्हता, पण आखातात परवाना कामगाराच्या मालकीचा असू शकतो, एवढं त्याने दाखवून दिलं. स्थानिक व्यापाऱ्यांचा विरोध होत राहिला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तो बंद करून दुसरी योजना आणली गेली. मला वाटतं, भारताने आखाती देशांशी बोलताना ज्या गोष्टीचा आग्रह धरायचा ती हीच आहे. विमानांची वाहतूक, तेल, गुंतवणूक यांवर करार होतात. परवाना कुणाच्या हातात राहील, यावरही व्हायला हवेत.

आपल्याकडे नव्या कायद्याचे मसुदे २०१९, २०२१ आणि पुन्हा २०२५ मध्ये लोकांपुढे आले. हा लेख लिहीपर्यंत लागू आहे तो १९८३ चाच. केरळने १९९६ मध्येच परदेशस्थ केरळी लोकांसाठी स्वतंत्र सरकारी विभाग काढला, प्रमाणपत्रांचे शिक्के, नर्सेसची भरती, परत आलेल्यांना कर्ज, सगळं त्यातून चालतं. रायगड-रत्नागिरीत तसं काही नाही. श्रीवर्धनच्या माणसाला प्रोटेक्टरला भेटायचं तर पहाटेची एसटी धरून वांद्र्याला यावं लागतं.

दापोलीजवळ एका इलेक्ट्रिशियन मुलाने मला अमिरातींचं ऑफर लेटर दाखवलं. त्याने एजंटकडून त्या पत्राचा फोटो मागून घेतला आणि त्यावरचा व्यवहार क्रमांक तिथल्या कामगार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला. कागद खरा निघाला. पण पदाच्या जागी इलेक्ट्रिशियन नव्हता, माल चढवणारा-उतरवणारा मजूर होता, आणि मूळ पगार तोंडी सांगितलेल्याच्या निम्मा. तो गेला नाही. दिलेले आगाऊ पैसे अजून सुटलेले नाहीत. हे पाहायला त्याला कुणी शिकवलं, असं मी विचारलं, तर म्हणाला, शारजात असलेल्या मित्राने, व्हिडिओ कॉलवर, रात्री जागून.

तालुक्याच्या पंचायत समितीत, बाजाराच्या दिवशी, आठवड्यातून एक दिवस असा एक माणूस बसवता येईल, ज्याला अरबी-इंग्रजी करार वाचता येतो, जो ई-मायग्रेटवर एजंटचा नोंदणी क्रमांक आणि अमिरातींच्या कामगार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ऑफर तपासून देईल. आखातातून परतलेले, लिहिता-वाचता येणारे, हे काम जाणणारे लोक प्रत्येक तालुक्यात आहेत. खेडचे भाईसुद्धा बसायला तयार आहेत. मी त्यांना विचारलं. ‘मानधन नको,’ ते म्हणाले, ‘फक्त सरकारी शिक्का द्या, म्हणजे एजंट लोक माझं ऐकतील.’